यंदा माझं वाचू नका

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता उत्रोलीतल्या आमच्या घरी, मधल्या खोलीत, पाटावर बारा हजार रुपये ठेवले होते. घरात हजर माणसं चार: माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आई, भाऊबीजेसाठी वेल्ह्याहून बहिणीकडे आलेले मामा, आणि मी. त्यातले अकरा हजार आठशे चव्वेचाळीस पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे होते. म्हशीच्या दुधाच्या पैशांतून दरमहा दीडशे भरून आईने ती पाच वर्षांत पुरी केली होती. वरचे एकशे छप्पन्न मामांनी टाकले, आकडा गोल व्हावा म्हणून. पुण्यातल्या एका अभिनयाच्या क्लासची आठ आठवड्यांची फी बरोबर बारा हजार होती आणि ती दुसऱ्या दिवशी भरायची होती. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे आमच्या नात्यात ही गोष्ट पुष्कळदा सांगितली गेली आणि दर वेळी रक्कम वाढत गेली. एका लग्नात ती पन्नास हजारांवर गेलेली मी स्वतः ऐकली आहे.

मामा करंजी खात होते. त्यांची नजर पैशांवरून हलत नव्हती. "बारा हजारांत गाभण कालवड येती," ते म्हणाले. "आन् ह्यो शिकणार काय? रडायचं कसं, ते? माज्याकडं धाडा आठ दिस. फुकाट रडवतो."

"दादा, तुमी गप बसा," आई आतून म्हणाली. चुलीपुढे तिची भाकरी थापणं चालूच होतं. तांदळाच्या भाकरीचा आवाज बाजरीच्या भाकरीपेक्षा मऊ असतो. त्या आवाजावरून ती रागावली आहे की नाही ते मला कळायचं. त्या दिवशी कळत नव्हतं.

अण्णांनी एवढंच विचारलं, "क्लास चांगला हाय ना? नीट बगितलंस?"

मी हो म्हणालो. मी काय बघितलं होतं? वर्तमानपत्रातली एक जाहिरात, तिसऱ्या मजल्यावरचं एक ऑफिस, आणि एक शब्द, जो त्या ऑफिसात माझ्याबद्दल बोलला गेला होता. त्या शब्दाकडे मी येतोच.

अण्णा भोरच्या कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणं हे त्यांचं काम. नाव तीनदा घ्यायचं, लांबवून, आवारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. दिवसा त्यांचा आवाज असा मोठा चालायचा आणि घरी आले की ते जवळजवळ बोलायचेच नाहीत. वर्षातला दीड महिना मात्र वेगळा असायचा. चैत्रात आमच्या गावची जत्रा, आणि जत्रेत गावातल्या पोरांचं नाटक. तालमी शाळेच्या खोलीत व्हायच्या. नटांत कोणी सुतार, कोणी ट्रॅक्टरवाला, दोघंतिघं शेतकरी. कोणाचंही पाठांतर नसायचं आणि कोणी ते करावं अशी अपेक्षाही नसायची. पाठ करायचं काम अख्ख्या गावाने एका माणसावर सोपवलं होतं. तो डाव्या हाताच्या पडद्याआड वही घेऊन बसायचा आणि प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य आधी म्हणून द्यायचा. शहरात याला प्रॉम्प्टिंग म्हणतात. आमच्याकडे त्याला 'वाचणं' म्हणत. नाटक ठरलं की पहिला प्रश्न असायचा, यंदा वाचणार कोण? उत्तर ठरलेलं होतं. थोरल्या भावाच्या भूमिका करणारा दत्ता सुतार दर वर्षी तोच विनोद करायचा: "अण्णा वाचत्यात म्हणून आपन वाचतोय."

अण्णांचं वाचणं ही एक कारागिरी होती. ते श्वासावर बोलायचे. रंगमंचावरच्या माणसाला शब्द स्वच्छ ऐकू यायचा, पण पहिल्या रांगेतल्या सरपंचांच्या कानापर्यंत तो जायचा नाही. सूर एकदम सपाट. त्यात राग नाही, रडू नाही. "भाव घालायचा न्हाई," ते म्हणायचे. "भाव त्याचा त्यानं घालावा. आपन नुस्ता शब्द द्यायचा." फाल्गुनात नाटकाची वही घरी आली की रात्रीच्या जेवणाआधी ते ती लाल पेन्सिलीने आखायला बसायचे, कोण कुठे अडखळेल, कोणाला किती आधी शब्द द्यावा लागेल, याच्या खुणा. दत्ता सुताराला तीन शब्द आधी. मला एक. मी बाराव्या वर्षी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हापासून ते मला वाचून देत होते. त्यांच्या सपाट आवाजाला माझ्या तोंडातून हसू, राग, हुंदका फुटायचा. आमटी-भात कालवता कालवता ते एखादं वाक्य म्हणायचे, मी लगेच ते वठवून दाखवायचो, आणि आई म्हणायची, "आता जेवा दोगं बी." आज साठीला आलो तरी मला असं वाटतं की आम्हा बापलेकांचं त्या वाक्यांइतकं मोकळं बोलणं दुसरं कधी झालंच नाही.

विसाव्या वर्षी मला नट व्हायचं होतं. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. अभिनय शिकायचा तर आपल्यात काय कमी आहे हे माहीत पाहिजे, इतकं मला समजत होतं, आणि ते मला माहीत आहे अशी माझी खात्री होती. कमी होती ती भाषा. मी 'न्हाई' म्हणायचो, 'माज्या' म्हणायचो, घाईत 'हितं' म्हणायचो. म्हणून श्रावणापासून मी रोज म्हशीच्या गोठ्यात उभं राहून वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचत होतो. नवरात्रात पुण्याच्या त्या क्लासमध्ये निवड-चाचणी झाली. मी आमच्या जत्रेतल्या नाटकातलं धाकट्या भावाचं एक भाषण केलं. समोर चाळीसेक मुलं, क्लासचे सर, आणि बाजूला नावं लिहून घेणाऱ्या एक बाई. मी उभा राहिलो. पहिलं वाक्य यायला वेळ लागला. ते म्हणालो. दुसऱ्याला वेळ लागला. असं प्रत्येक वाक्यापाशी. एकही 'न्हाई' गेला नाही, म्हणून मी मनात खूश होतो. शेवटी सर उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, "बघा. याला पॉज म्हणतात. खेड्यातून आलाय, कोणी शिकवलेलं नाही, पण दोन वाक्यांच्या मध्ये थांबायचं धैर्य बघा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. पॉज. तोच तो शब्द. भोरच्या गाडीत मी तो शब्द मनात घोळवत बसलो होतो, आणि त्याच शब्दापायी बारा हजार पाटावर आले.

दुसऱ्या दिवशी पुण्याला मी आणि मामा गेलो. अण्णांचं कोर्ट सुट्टीनंतर उघडणार होतं, आणि एवढे पैसे घेऊन मला एकट्याला पाठवायला आई तयार नव्हती. मामांनी नोटा बंडीच्या आतल्या खिशात ठेवून वर सुईदोऱ्याने टाके घातले होते. क्लासच्या टेबलापाशी रांग होती. आकड्यांचा नाद मला लहानपणापासून आहे, म्हणून रांगेत उभ्या उभ्या मी कारकुनाला विचारलं, एका तुकडीत मुलं किती? साठ. आठवड्यातून दिवस किती? चार, दोन-दोन तास. मी एसटीच्या तिकिटामागे मांडलं. आठ आठवड्यांचे चौसष्ट तास. साठ मुलं. म्हणजे मला स्वतःला उभं राहायला मिळणार एक तास चार मिनिटं, आणि तेही शिकवणारा एक शब्दही बोलला नाही तर. सर आले तेव्हा मी त्यांना तिकीट दाखवलं.

ते मनापासून हसले. "अरे, अभिनय असा मोजतात का? तुझ्याकडे पॉज आहे. साठ जणांत तो एकाकडे असतो."

माझा हिशेब तिथेच विरघळला. मी मामांना म्हणालो, "काढा." मामा भिंतीकडे तोंड करून दाताने टाके तोडू लागले. सर वाईट माणूस होते असं मला वाटत नाही. त्यांना खरंच तो पॉज वाटला होता. मलाही वाटला होता.

नावं लिहिणाऱ्या बाई रांगेच्या कडेला बसल्या होत्या. वासंतीबाई, क्लासमध्ये आवाजाचे तास घ्यायच्या, वय पस्तिशीचं असेल. त्या कारकुनाला म्हणाल्या, "याची पावती पाच मिनिटं थांबव," आणि मला नि मामांना शेजारच्या रिकाम्या खोलीत घेऊन गेल्या.

"नवरात्रात केलंस ते परत कर."

मी केलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. मध्येच म्हणाल्या, "दर वाक्याआधी तुझी मान डावीकडे कलते. कोणाचं ऐकतोस?"

"कोणाचं नाही."

"आवं बाई," मामा म्हणाले. त्यांना वाटलं, आपण मदत करतोय. "कुनाचं कसं न्हाई? त्याला आमचं दाजी वाचून देत्यात न्हवं! त्येचं वडील. डाव्या अंगाला, पडद्यामागं. हितं दाजी न्हाईत, मग पोरगं वाट बगतंय."

कोणी हसलं नाही. वासंतीबाईंनी माझ्या हातातला, भाषण लिहिलेला कागद घेतला आणि त्या माझ्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य त्यांनी हळू, सपाट आवाजात वाचलं. ते माझ्या तोंडून पाण्यासारखं गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं, पाचव्याला माझे डोळे भरून आले, कारण तिथे ते नेहमी भरायचे. मग त्या वाचायच्या थांबल्या, आणि मीही थांबलो. सहावं वाक्य मला येत होतं. शप्पथ सांगतो, शब्दन् शब्द येत होता. पण ते निघेना. खोलीत पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आणि मी वाट बघत उभा होतो.

"सरांना तो पॉज वाटला," त्या पुढे येऊन म्हणाल्या. "त्या दिवशी क्षणभर मलाही वाटला. पण पॉज घेतलाय हे नटाला माहीत असतं. तुला माहीत नव्हतं."

"मी भाषेवर मेहनत घेतोय," मी म्हणालो.

"भाषा सुधारेल. नाही सुधारली तरी अडत नाही. हे मात्र इथे आठ आठवड्यांत जाणार नाही. इथे तुला कॅमेऱ्यापुढे उभं करतील, तू थांबशील, सगळे वा म्हणतील, आणि तुझी खोड पक्की होईल."

"मग जाईल कशाने?"

"एक अख्खं नाटक कर. मागून कोणीही न वाचता. पडलास तर पड. त्यानंतर शिकायचं असेल तर माझ्याकडे ये. रविवारी सकाळी तीन तास मी एका शाळेच्या खोलीत आठ जणांना शिकवते. महिना तीनशे. प्रमाणपत्र नाही, फोटो नाही."

मी तोंडाने फटकळ होतो, अजून आहे. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही सरांची मुलं फोडून तुमच्याकडे नेता?" मामांनी मला कोपराने ढोसलं. बाईंचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी नजर वळवली नाही. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज मी एक पैसाही घेणार नाही. आणि तुला काय सांगितलं ते मी आज सरांनाही सांगणार आहे." त्यांनी तसं सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांचं तिथलं काम सुटलं, हे मला फार उशिरा कळलं.

हल्ली भोर, किकवी, कामथडी, पार वेल्ह्यापासून मुलं माझ्याकडे मोबाईल घेऊन येतात. काका, हा क्लास कसा आहे, तो कसा आहे? जाहिराती चकचकीत असतात. मी त्यांना आधी तिकिटामागचाच हिशेब करायला लावतो: मुलं किती, तास किती, तुझ्या वाट्याला किती मिनिटं. मग विचारतो, तिथे तुझी चूक कोणी तुला सांगितली का? पहिल्याच दिवशी नुसतं कौतुक झालं असेल तर जपून राहा. आणि तुझ्यात काय कमी आहे असं तुला वाटतं? ते ते सांगतात. मी म्हणतो, ते नसेलही. मुलांना हे आवडत नाही. चहा पिऊन जातात. दहातला एखादा परत येतो.

त्या दिवशी फी न भरताच आम्ही निघालो. परतीच्या गाडीत मी दुसरा हिशेब केला. महिन्याचे बारा तास, आठ माणसं, माझ्या वाट्याला दीड तास, तीनशेत. मामांना सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. नसरापूरला उतरून ते वेल्ह्याची गाडी धरणार होते. उतरताना पैशांची जुडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "म्या बोललो म्हणून झालं का रं ह्ये?"

"नाही मामा."

"दाजींना सांगू नगंस, म्या बोललो म्हणून."

घरी अण्णा दारातच उभे होते. "भरलं?"

"न्हाई. साठ पोरं हायती तिथं. तासभर बी वाट्याला येत न्हाई." मी तिकीट दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "मोजलंस ते बरं केलंस." मान कलते ती गोष्ट मी सांगितली नाही. जे सांगितलं ते खरं होतं आणि ते अर्धंच होतं. कार्तिक गेला, झोडणी झाली, भात घरात आलं, खोलीभर नव्या तांदळाचा वास भरून राहिला. पैसे परत पोस्टात गेले. मी चार महिने गप्प होतो. त्या चार महिन्यांत मी गोठ्यात अग्रलेख वाचणं सोडलं आणि मागच्या वर्षीचं नाटक पाठ म्हणून बघू लागलो. दर वाक्यापाशी मान डावीकडे जायची. मी ती हाताने सरळ धरायचो. म्हैस माझ्याकडे बघत राहायची.

फाल्गुनात नाटकाची नवी वही आली. एका संध्याकाळी अण्णा पेन्सिल घेऊन बसले होते. माझ्या वाक्यांपाशी ते जोड रेघ मारायचे, ती मारत होते. आई चुलीपाशी होती, तव्यावर भाकरी होती.

मी म्हणालो, "अण्णा, यंदा माजं वाचू नका."

त्यांनी मान वर केली नाही. "दुसऱ्या कुनाला देऊ वाचायला?"

"कुनालाच नगं."

पेन्सिल थांबली. मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "माजा आवाज जात न्हाई का आता?"

"आवाज चांगला हाय तुमचा."

"कोर्टात बी परवा साहेब म्हनले, मोठ्यानं पुकारा..."

"आवाजाचं न्हाई अण्णा." आणि मग मी सगळं सांगितलं. रिकामी खोली, बाई, कागद, मान, सहावं वाक्य. मामांचं नाव तेवढं घेतलं नाही. अण्णा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "बारा वर्साचा व्हतास तवापास्नं वाचतोय. म्हंजी म्याच बिगडवलं."

तेव्हा मी 'नाही' म्हणायला हवं होतं. येत होतं म्हणता. मी म्हणालो नाही. या प्रकरणात लिहिण्यासारखी माझी लाजिरवाणी गोष्ट हीच आहे.

आई म्हणाली, "बिगडवलं कशानं? तुमच्या आवाजावर पोरगं उबं ऱ्हायलं न्हवं? आता सोडा की त्येला." तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

अण्णा जेवले नाहीत असं झालं नाही. जेवले. पण त्या दिवसापासून आमटी-भाताबरोबरची वाक्यं बंद झाली.

जत्रेच्या दिवशी पटांगण भरलं होतं. नाटक दोन भावांचं. धाकटा भाऊ मी. आई वारल्यावर तो घरी परततो आणि थोरला, म्हणजे दत्ता सुतार, त्याला जाब विचारतो: ती गेली त्या दिवशी तू कुठे होतास? यावर धाकट्याचं चार ओळींचं उत्तर होतं, पुस्तकी भाषेतलं, मोठमोठ्या शब्दांचं. पहिला अंक बरा गेला. मान सरळ राहिली. दुसऱ्या अंकात दत्ताने जाब विचारला, आणि माझ्या डोक्यातून चारही ओळी गेल्या. नुसत्या अडल्या नाहीत. गेल्याच.

मी उभा राहिलो. मान आपोआप डावीकडे वळली आणि मला अण्णा दिसले. पडद्याआड, लाकडी खुर्चीत, मांडीवर वही, बोट बरोबर माझ्या ओळीवर. ओठ मिटलेले. ते माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी त्यांनी एक शब्द दिला असता तर मी तो घेतला असता. त्यांनाही ते माहीत होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "अण्णा, वाचा की! झोपलं का काय?" पटांगणभर हशा झाला. दुसरा म्हणाला, "घरात भांडान झालंय वाटतं!" अण्णांनी बोट हलवलं नाही. हसणारी माणसं हळूहळू गप्प झाली, आणि त्या शांततेत मला कळलं की आवाज कुठूनही येणार नाही.

मी मान फिरवून दत्ताकडे बघितलं. माझ्या तोंडून निघालं, "दादा, मला न्हाई ठावं. तू व्हतास तिच्यापाशी. तूच सांग."

हे वहीत नव्हतं. भाषाही वहीतली नव्हती. दत्ताचे डोळे मोठे झाले, कारण त्याला आता स्वतःचं काय म्हणायचं ते कळेना. आणि तेव्हा डावीकडून अण्णांचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हे, दत्तासाठी. सपाट, श्वासावरचा, तीन शब्द आधी. "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती." दत्ताने ते उचललं. माझ्या उत्तरानंतरचं त्याचं वाक्य ते नव्हतं. पान उलटल्यावरचं होतं. पण मी जे बोललो होतो त्याला तेच एक लागू पडत होतं, आणि अण्णांनी ते एका श्वासात शोधलं होतं. पटांगणात एक बाई रडल्याचं ऐकू आलं. मग पुष्कळ जणी.

नाटक संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले. अण्णा वही कापडात गुंडाळत होते. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "चारी ओळी गाळल्यास. दत्त्याला मंग पुढच्या पानावर घेतला."

"व्हय."

"बरं झालं," ते म्हणाले. गाळल्या ते बरं झालं की दत्ताला घेतला ते, हे मी विचारलं नाही.

मी मोठा नट झालो नाही. सहकारी दूध संघात हिशेबनीस म्हणून तीस वर्षं काढली आणि त्यातली वीस वर्षं स्पर्धांच्या, हौशी संस्थांच्या नाटकांत कामं केली. काही चांगली झाली. त्या बारा हजारांतून वासंतीबाईंना बावीस महिन्यांत सहा हजार सहाशे रुपये गेले. उरलेल्यात दोन हजार आठशे येण्याजाण्याला लागले आणि दोन हजार सहाशे आईला परत मिळाले. क्लासला काही गेलं नाही.

त्यातले पहिले तीनशे मात्र माझ्या हातून गेले नाहीत. जत्रेनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी निघालो तेव्हा अण्णा इस्त्रीची टोपी घालून तयार बसलेले होते. सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही गेलो. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. शाळेच्या खोलीत सात मुलं जमिनीवर बसली होती. वासंतीबाई उठून उभ्या राहिल्या. मी ओळख करून दिली. बाईंनी नमस्कार केला, अण्णांनी केला. मग त्यांनी खिशातून शंभराच्या तीन नोटा काढल्या, एक एक मोजून बाईंच्या हातात ठेवल्या, आणि कोर्टातला नव्हे, पडद्यामागचाही नव्हे, अशा एका आवाजात म्हणाले, "बाई, अडला तरी सांगू नका त्याला. येतंय त्याला."